लंकेत स्तूपाच्या कामावर पाच आठवडे (आणि मजुरीचा एक प्रश्न)

ओळंबा

निघायच्या दिवशी बायको एवढंच म्हणाली, "आपल्या मोरीची नाली दोन पावसाळे झाले फुटून आहे, अन् तुम्ही चालले लंकेत जुडाई करायला."

खोटं नव्हतं. पण तिकीट काढून झालं होतं.

आधी थोडं माझ्याबद्दल. भंडारा जिल्ह्यातल्या धानपट्ट्यातलं गाव. आयटीआयमध्ये गवंडी ट्रेडला 27 वर्षं शिकवलं, आता रिटायर. आमच्या तालुक्यातले एक भंतेजी शिकायला श्रीलंकेत गेले ते तिकडंच आहेत. त्यांचा फोन आला, की इथल्या खेड्यातल्या विहाराचा चैत्य, म्हणजे स्तूप, बांधणं सुरू आहे, विटांचं काम आहे, हात कमी पडून राहिले, येता का. फेब्रुवारीत गेलो, मार्चच्या शेवटी परत आलो. अनुराधापुरापासून बसनं तासाभरावर गाव.

बेट म्हटलं की डोळ्यांसमोर समुद्र येतो. मला पाच आठवड्यांत समुद्र दिसला तो विमानातून. अनुराधापूर हा कोरडा पट्टा. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी, बाकी वर्ष तलावावर. तलावाला तिकडं 'वॅव' म्हणतात. तिस्स वॅव, नुवर वॅव, अभय वॅव, दोन-दोन हजार वर्षं जुने तलाव, आणि खाली धानाच्या बांध्या. मी पाळीवर उभा राहिलो आणि वाटलं, आपण साकोलीकडंच कुठं तरी उभे आहोत. आपल्याकडं कोहळ्यांनी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत न, तसंच सगळं. फक्त पाळीवर मोहाच्या जागी नारळ.

आता काम. स्तूप म्हणजे भरीव विटांचा ढीग, वरून गोल, त्यात काय मोठं, असं मला वाटत होतं. सत्तावीस वर्षं मी पोरांना एकच मंत्र दिला, ओळंबा सोडा आणि भिंत सरळ चढवा. घुमटाला ओळंब्याचा उपयोग शून्य! प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा आत सरकतो, आणि 'जरासा' म्हणजे किती, ते दर थराला बदलतं. तिथं त्यांनी मधोमध लोखंडी पाइप उभा केला होता आणि त्याला फिरता आडवा हात. हात फिरवायचा, टोक लागेल तिथं विटेची कड. घड्याळाच्या काट्यासारखं दिवसभर फिरत राहायचं. पहिल्या दिवशी मला घेरी आली.

तिथल्या मुख्य मिस्त्रीला 'बास' म्हणतात (डचांचा शब्द, ते गेले, शब्द राहिला). साठीच्या आसपासचा माणूस, त्याला हिंदी नाही, इंग्रजी नाही, मला सिंहली नाही. पण थापी धरायची पद्धत बघूनच कळतं कोण कुठल्या पाण्याचा आहे. तिसऱ्या दिवसापासून तो मलाही 'बास' म्हणायला लागला. रिटायरमेंटच्या शालीपेक्षा हे मला जास्त आवडलं, खरं सांगतो.

सगळ्यात लक्षात राहिली ती पोयाची, म्हणजे पौर्णिमेची सकाळ. पोयाला तिकडं सुट्टी असते, दारू-मटणाची दुकानं बंद. त्या दिवशी जुडाई बंद, पण गावची माणसं पांढरे कपडे घालून आली आणि रस्त्यापासून स्तूपाच्या पायथ्यापर्यंत रांग लागली. ट्रकनं उतरवलेल्या विटा या हातातून त्या हातात. माझ्या शेजारी एक म्हातारी होती. वीट हातात आली की ती तळव्यानं एकदा पुसायची, मग पुढं द्यायची. प्रत्येक वीट. दोनशे-तीनशे विटा तरी तिच्या हातून गेल्या असतील, एकही न पुसता गेली नाही.

आणि मी मास्तर, माझा जीव दुसरीकडंच. विटा कोरड्या ठणठणीत! अशा लावल्या तर मालातलं पाणी शोषून घेणार आणि सांधा भुसभुशीत राहणार. रांगेच्या टोकाला ताडपत्रीचा हौद करून पाणी भरवलं आणि खुणेनं सांगितलं, यात टाका. बायकांना वाटलं हाही पूजेचाच भाग. त्या प्रत्येक वीट हलक्या हातानं पाण्यात सोडायला लागल्या, वर "साधु, साधु, साधु". मी काही बोललो नाही. विटा भिजल्याशी मतलब.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. बासच्या हाताखाली दोन पोरं रोजीवर होती, पायथ्यापर्यंत विटा वाहून आणायला. पोयाच्या सकाळी रांगेनं जितक्या विटा आल्या, तितक्या आणायला त्या दोघांना आठवडा लागला असता. दुसऱ्या दिवशी पोरं आली, विटांचा ढीग बघितला आणि उभीच राहिली. बासनं हातानंच सांगितलं, काम नाही, परवा या. त्यातलं एक पोरगं जाताना माझ्याकडं बघून हसलं, रागानं नाही, पण ते हसू काही मला पचलं नाही. पुण्य आम्ही कमावलं आणि रोजी त्याची गेली.

तुम्हाला काय वाटतं? बाकीचं विचारा, सांगतो.

धानाची_बांधी

अजी मास्तर, इतक्या दूर कायले गेले जी? आपल्या इथं विटा नव्हत्या का? 😀

मस्त लिहिलं. तलावाचं वाचून पटलं. आमच्या तलावाच्या पाळीवर आता नुसता बेशरम उगवला आहे ते सोडा.

सुजाता_वा

वाचतेय. त्या म्हातारीचा परिच्छेद दोनदा वाचला.

प्रश्न: तिथला चैत्य भरीव असतो म्हणता, पण दीक्षाभूमीचा स्तूप तर आतून पोकळ आहे. मग स्तूप कुठला खरा?

ओळंबा

@सुजाता_वा, दोन्ही खरे. जुन्या पद्धतीचा स्तूप भरीवच, सांचीचाही भरीव. दीक्षाभूमीचं काम 1978 ला सुरू झालं आणि 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन. तो आरसीसीच्या काळातला, म्हणून आत हॉल काढता आला. लंकेतही कळुतरा इथं पोकळ स्तूप आहे, आत माणसं जातात.

भागांची नावं मात्र मजेशीर. खाली तीन कंगोरे असतात त्यांना 'पेसाव', वर गर्भ, त्यावर चौकोनी कोट, मग निमुळता शेंडा. आपण मेधी, अंड, हर्मिका, छत्र म्हणतो तेच.

मोहफूल

खर्च किती आला? व्हिसा कुठला? माझा भाचा मागं लागला आहे जायचं म्हणून.

ओळंबा

राहणं-जेवण विहारात, त्याचे पैसे कोणी घेतले नाहीत. तिकिटाचा खर्च माझा. त्यात एका एजंटनं फसवलं, "सेवेकऱ्यांसाठी खास दर" म्हणून घेतले ते नेहमीपेक्षा जास्त निघाले. भाच्याला सांगा, तिकीट स्वतः काढ.

व्हिसाचं नीट ऐका. टूरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही, मग ते बिनपगारी असो की 'सेवा' असो. आधी विहाराकडून पत्र घ्या आणि काय काम करणार ते लिहून योग्य तो व्हिसा काढा. तिकडं जाऊन भंतेजींना अडचणीत आणू नका.

जेवण म्हणाल तर दोन्ही वेळ भात. आपण भंडाऱ्याचे, आपल्याला त्याचा काय त्रास. भाताला ते 'बत' म्हणतात, पहिल्या दिवशी तेवढा एकच शब्द कळला आणि तेवढ्यावर भागलं. पण खोबरं! सकाळी खोबरं, दुपारी खोबरं, डाळीत नारळाचं दूध. तिसऱ्या आठवड्यात स्वप्नात झुणका आला. सोबत ओळंबा नेत असाल तर मोठ्या बॅगेत टाका. मी हातातल्या बॅगेत ठेवला होता, विमानतळावर तपासणीवाल्याला तो पितळी गोळा म्हणजे काय हे समजावून सांगता-सांगता घाम फुटला.

निळी_पहाट

कडक बोलतो, राग मानू नका. बाबासाहेब 1950 ला स्वतः लंकेत गेले होते, बौद्ध परिषदेला. तिथून परत येऊन त्यांनी विटा नाही वाहिल्या. आपल्या माणसांना शिका म्हणून सांगितलं. आमच्या गावात विहाराला टाइल्स लागल्या, पण विहारातल्या अभ्यासिकेला दोन ट्यूबलाइट नाहीत. तुमच्यासारख्या मास्तरनं पाच आठवडे गावच्या पोरांना जुडाई शिकवली असती तर दहा मिस्त्री तयार झाले असते.

पवनीकर

निळी_पहाट यांच्याशी अर्धा सहमत. उरलेला अर्धा असा.

आमच्या पवनीत जगन्नाथ टेकडी आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं मिळून तिथं खोदकाम केलं, शां. भा. देव आणि जोशी यांचं काम. विटांचा भला मोठा स्तूप निघाला, भोवतीच्या कठड्याचे दगडी खांब निघाले, बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग कोरलेला निघाला. खांबांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. म्हणजे वैनगंगेच्या काठी आपलेच लोक दोन हजार वर्षांपूर्वी हेच करत होते. लंकेत तो धागा तुटला नाही, आपल्याकडं मातीखाली गेला. एखाद्याला तुटलेलं टोक हातात धरून बघावंसं वाटलं तर त्यात चूक काय?

पण मास्तरांच्या प्रश्नाला हात घालायचा तर, खांबावर दान देणाऱ्याचं नाव आहे. वीट लावणाऱ्याचं कुठं आहे?

रेजाची_लेक

मी सहसा लिहीत नाही, पण आज लिहिते.

माझी आई वीस वर्षं रेजा होती. घमेलं डोक्यावर घेऊन तीन-तीन मजले. तिच्या मानेचं आता काय झालं आहे ते सांगत नाही. आमच्या शहरात एका मोठ्या देवस्थानाच्या कामावर (नाव घेत नाही) एका रविवारी चांगल्या घरच्या बायका सेवेला आल्या. प्रत्येकीनं पाच-पाच विटा उचलल्या, फोटो काढले, पेपरात आलं. आई त्या दिवशी घरी होती, कारण ठेकेदारानं सांगितलं, आज सेवा आहे, येऊ नका. रोजी बुडाली.

तीच वीट. आईनं उचलली तर मजुरी, त्यांनी उचलली तर सेवा. मास्तर, तुम्ही त्या पोराचं हसू लिहिलंत म्हणून तुमच्यावर राग नाही.

मोहफूल

🙏

ग्रामगीता_प्रेमी

ताई, तुमचं दुःख कळलं. पण श्रमदान ही गोष्टच वाईट असं होऊ नये. तुकडोजी महाराजांनी गावोगाव श्रमदानानं रस्ते करून घेतले, गाडगेबाबांनी तर आयुष्यभर हातातला खराटा सोडला नाही. आणि गंमत बघा, लंकेतही हा शब्द 'श्रमदान'च आहे. तिथली सर्वोदय चळवळ 1958 पासूनची, आरियरत्ने यांनी शाळेच्या पोरांना खेड्यात नेऊन सुरू केली. त्यांच्यावर गांधी आणि विनोबांचा मोठा प्रभाव. म्हणजे पवनार-सेवाग्रामचं बियाणं तिकडं उगवलं.

माझ्या मते फरक एवढाच. ज्या रस्त्यावर आपणच चालणार तो आपण फुकट करावा. जिथं कुणाचं पोट आहे तिथं नाही.

ओळंबा

दोन दिवस लिहिलं नाही, इथं वादळी पावसानं लाइन गेली होती.

रेजाची_लेक, तुमचं वाचून उत्तर काय द्यावं सुचलं नाही, म्हणून तिथं पुढं काय झालं तेवढंच सांगतो.

त्या पोराची गोष्ट मी आपल्या भंतेजींना सांगितली. त्यांनी ती विहाराच्या मोठ्या भंतेंच्या कानावर घातली. मला वाटलं, म्हणतील पाहुणा आहेस, काम कर. म्हातारे भंते आधी हसले. मग त्यांनी महावंसातली, म्हणजे लंकेच्या जुन्या इतिहासग्रंथातली, गोष्ट सांगितली, आपले भंतेजी मराठीत करून सांगत होते.

अनुराधापुरात महाथूप आहे, आज त्याला रुवनवेलीसॅय म्हणतात. इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकात दुट्ठगामणी राजानं बांधायला घेतला. त्यानं हुकूम काय काढला, तर इथं बिनमजुरीचं काम कोणी करायचं नाही. चारही दरवाजांवर नाणी, कापड, खाणंपिणं, फुलं, अगदी तोंडात टाकायला सुगंधी मसालासुद्धा ठेवला. काम करा आणि घ्या.

आता एका थेरांना, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंना, वाटलं, आपलाही हात लागावा. फुकट तर करू देत नाहीत. म्हणून त्यांनी एका हातात फुलं धरली, दुसऱ्या हातात स्वतः मळून आणलेला मातीचा गोळा, आणि गुपचूप मिस्त्रीला दिला. राजाला कळलं. राजानं काय करावं? थेरांना पैसे देता येत नाहीत. मग मोगऱ्याच्या फुलांचे तीन घडे बोधिवृक्षाजवळ ठेवले आणि युक्तीनं त्यांच्या हाती लावले. थेरांनी भक्तिभावानं फुलं वाहिली, आणि मग राजाच्या माणसानं सांगितलं, महाराज, ही तुमच्या त्या गोळ्याची मजुरी होती.

एका मातीच्या गोळ्याची मजुरी राजानं ठेवून घेतली नाही! मी तीस वर्षं या धंद्यात, बिलं काढणारे इंजिनीअर बघितले, ठेकेदार बघितले. असा मालक नाही बघितला.

त्याच ग्रंथात गवंड्यांची परीक्षाही आहे. राजानं विचारलं, कसा बांधणार? एकेक जण सांगतो, रोज इतकी गाडीभर रेती वापरीन. राजा नको म्हणतो, इतकी रेती वापरली तर वर गवत उगवेल. शेवटचा हुशार गवंडी सांगतो, मी माल उखळात कुटीन, चाळीन, दळीन, तेव्हा वापरीन. तो ठरला. मग त्याला विचारलं, आकार कसा? त्यानं सोन्याच्या भांड्यात पाणी मागवलं, ओंजळभर घेऊन वरून सोडलं, बुडबुडा उठला. म्हणाला, असा. वर्गात नकाशावाचनाचा तास घेताना मला हे माहीत असतं तर काय मजा आली असती. पायाच्या थरांत तर कवठाचा डिंक नारळाच्या पाण्यात कालवून लावल्याचं लिहिलंय. कवठ आपल्या धुऱ्यावरही आहे, आपण त्याची चटणी करतो आणि विसरतो.

तर निकाल असा लागला: पोयाला रांग लागेल, कारण गावकऱ्यांना त्यांचा हात लावायचाच आहे. पण रांगेनं जितक्या दिवसांचं काम उरकलं, तितक्या दिवसांची रोजी दोन्ही पोरांना मिळेल. आणि त्या दिवसांत ती बासच्या हाताखाली थापी धरतील. पुढचे दोन आठवडे मी आणि बासनं मिळून त्यांना थर लावायला शिकवलं. निळी_पहाट, तुमचं म्हणणं तिथं थोडं फार झालं म्हणा.

माझी चूकही सांगून टाकतो. त्याच दिवसांत मधल्या पाइपच्या हाताचा बोल्ट ढिला झाला होता. मी शिकवण्याच्या नादात बघितलं नाही. दोन थर बोटभर बाहेर गेले. बास काही बोलला नाही. सरळ फळी घेऊन आला, घुमटावर टेकवली, आणि फळी आणि वीट यांच्यामध्ये बोट घालून दाखवलं. तो थर त्या पोरांच्या हातचा पहिला थर होता, आणि विटा त्या म्हातारीनं पुसलेल्या. आम्ही चौघांनी मिळून फोडला. पोरांना वाटलं त्यांचंच चुकलं, म्हणून मी बोल्ट हातात घेऊन सगळ्यांना दाखवला आणि स्वतःकडं बोट केलं. माल ओला होता, बऱ्याच विटा आख्ख्या निघाल्या. त्या धुऊन पुन्हा लावल्या.

रेजाची_लेक

आईला मोगऱ्याची गोष्ट वाचून दाखवली. म्हणाली, "तीन घडे फुलं काय करायची? पैसे दिले असते तर बरं." 😄 मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण विसरला नाही न राजा."

पवनीकर

काकूंना दंडवत.

मास्तर, पुढच्या हिवाळ्यात पवनीला या. टेकडीवर वीट लावता येणार नाही, संरक्षित जागा आहे, लावूही नये. पण काटेरी झुडपं आणि प्लॅस्टिक काढायला रीतसर परवानगी मागायचा विचार आहे. ते काम कुणाच्या पोटावर येत नाही याची खात्री करूनच.

निळी_पहाट

पवनीला मी येतो. आणि मास्तर, अभ्यासिकेच्या ट्यूबलाइट मी लावल्या काल. वर्गणी नाही काढली, वाद नको म्हणून.

धानाची_बांधी

सगळं झालं जी, पण मोरीच्या नालीचं काय झालं? तेवढं सांगा न.

ओळंबा

केली. 14 एप्रिलच्या आधी घरात पाहुणे येणार होते, इलाज नव्हता. तिकडं त्याच सुमारास सिंहली नववर्ष असतं, बासचा फोन आला होता, कोत, म्हणजे वरचा शेंडा, चढवायला घेतलाय म्हणून. फोन केला तेव्हा मी नालीत गुडघ्यापर्यंत. व्हिडिओवर दाखवलं तर तो आणि ती दोन्ही पोरं पोट धरून हसली.

हाताखाली बायको होती. विटा भिजवल्या तिनं, माल कालवला तिनं. संध्याकाळी हात धुऊन आली आणि तळवा पुढं केला. म्हटलं काय? म्हणाली, "तुमचा तो राजा काय म्हणत होता?"

पाचशे दिले. घासाघीस केली नाही.